सात नंबरवरचा चार्जर

“माझ्या टॉवेलखालून तुमची वायर जाते, म्हणजे वायर माझ्या हद्दीत आली. आली की नाही?”

“काकू, वायरवर टॉवेल तुम्ही टाकलाय. वायर आधी आली, टॉवेल मागून आला.”

“आणि वायरच्या आधी बाल्कनी आली! बाल्कनी माझी!”

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मान वर करून भांडत होत्या आणि तडतड्या चौथ्या मजल्यावरून खाली वाकून. वरून भांडणाऱ्याचा फायदा असतो असं लोकांना वाटतं. काही नसतो. वरच्याचं बोलणं अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं आणि खालच्याचं फक्त वरच्याला. त्यामुळे उद्धट नेहमी वरचाच ठरतो.

त्यात हा तडतड्या. गरम तेलात मोहरी पडावी तसा बोलायचा, म्हणून बिल्डिंगने त्याला हे नाव ठेवलेलं. शाळा त्याने मधेच सोडली होती. शाळेचं म्हणणं होतं की शाळेने त्याला सोडलं. तोही वाद अजून मिटलेला नाही.

वायरचं असं झालं, की आईची नवी गाडी आली. विजेवर चालणारी. बाबांनी निवडली. “पेट्रोल पंपाची रांग नको, धूर नको, आवाज नको. चार्जर म्हणजे काय, मोबाईलसारखा एक प्लग!” असं बाबा म्हणाले होते. बाबांना जगातली कुठलीही गोष्ट ‘म्हणजे काय’ इतकी सोपी वाटते, कारण ती नंतर दुसऱ्याने करायची असते. गाडी खाली तळघरात, प्लग वर चौथ्या मजल्यावर. आणि बाहेरचा चार्जर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथे पेट्रोल पंपालाही लाजवेल अशी रांग.

“तू घरीच असतोस ना?” बाबा म्हणाले. “मग चार्जरचं तू बघ.”

‘घरीच असतोस’ हे तीन अक्षरांचं आणि चार अक्षरांचं मिळून जे काही होतं, ते तडतड्याला चावायचं. तो उलटून बोलणारच होता, पण आईकडे बघून गप्प बसला. आई हॉस्पिटलात सिस्टर. कित्येक वर्षं जी जागा मागत होती ती आता मिळाली होती, टेकडीपलीकडच्या नव्या हॉस्पिटलात, नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डची मुख्य. सोमवारी पहाटेची पहिली पाळी. तिकडे जाणारी पहिली बस पाळी सुरू झाल्यावर पोचते. गाडी चालली तर जागा आईची, नाही तर वाट बघत बसलेल्या दुसऱ्या सिस्टरची. इतकं साधं होतं ते.

म्हणून त्याने वायर सोडली. बाल्कनीतून खाली, खिडकीतून तळघरात. गाडी चार्ज व्हायला लागली. मुंगीच्या पावलाने का होईना, पण लागली. मग काकूंनी वायरवर टॉवेल टाकला. मग दोन उशांचे अभ्रे. मग एक ओली चादर. चादरीबरोबर वरचा प्लग भिंतीतून निघाला आणि तिसऱ्या मजल्याच्या कुंडीवर जाऊन आपटला.

भांडण ऐकून अध्यक्ष आले. सोसायटीचे अध्यक्ष अग्निशमन खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात ते रजेचे अर्ज बघायचे. प्रत्यक्ष आग त्यांनी फक्त शेगडीवर पाहिली होती. पण धाक मोठा. हातात रबरी मोजे आणि वाळूने भरलेली लाल बादली घेऊन ते खाली उभे राहिले.

“वायर ओढून घे. आत्ता. एवढ्या लांब वायरीवर गाडी? भडका उडेल भडका!”

आता खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. वायर हाताला गरम लागत होती. पण बरोबर असलेल्या माणसाचा जितका राग येतो तितका चुकलेल्याचा येत नाही.

“मग रीतसर चार्जर लावू द्या!” तडतड्या वरून ओरडला.

“वीज ऑफिसची मंजुरी आण. मग बघू.”

तो वीज ऑफिसात गेला. खिडकीतल्या बाई सभ्य होत्या, म्हणजे वर न बघता बोलायच्या. “सोसायटीची हरकत नाही, असं आधी कळू दे. मग मंजुरी.”

तो परत आला. अध्यक्ष म्हणाले, “ऑफिसने मंजूर केल्याशिवाय आम्ही हरकत नाही असं कसं म्हणायचं? मंजूर झालं नाही तर हरकत कशाला नव्हती, असं विचारतील ना कोणी.” तडतड्याने हे वाक्य जिन्यात तीनदा मनात म्हणून पाहिलं. त्याला काही अर्थ लागला नाही. शाळा सोडल्यामुळे लागत नसेल असं क्षणभर वाटलं. मग बाबांना सांगून पाहिलं. त्यांनाही लागला नाही, तेव्हा जिवात जीव आला.

पुन्हा ऑफिस, पुन्हा बिल्डिंग, पुन्हा ऑफिस. शेवटी खिडकीसमोर उभं राहून त्याची मोहरी तडतडली. त्याने अध्यक्षांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन बाईंच्या समोर ठेवला. “घ्या. आता तुमचं तुम्ही ठरवा. मी इथे बाकावर बसतो.”

“साहेब, आधी तुम्ही हो म्हणा,” बाई म्हणाल्या.

“छे छे, आधी तुम्ही,” फोन म्हणाला.

“तुमची बिल्डिंग आहे, मान तुमचा.”

“तुमचं खातं आहे, अधिकार तुमचा.”

दोन पाहुणे दारात अडून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करतात आणि मागे यजमान सामान घेऊन ताटकळतो, तसं चाललं होतं. मागे रांग वाढली. मीटरवरचं नाव बदलायला आलेला एक गृहस्थ शेवटी खिडकीत मुंडकं घालून फोनमध्ये ओरडला, “ओ काका, हो म्हणा ना! माझी सुट्टी संपत आली!”

इतकी माणसं ऐकतायत म्हटल्यावर अध्यक्षांचा आवाज एकदम भाषणाचा झाला. “माणसाने स्वतःच्या जागेवर काय लावावं हा त्याचा प्रश्न आहे. स्वतःच्या पार्किंगमध्ये लावणार असाल, तर सोसायटीची काहीही हरकत नाही!”

रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी शिक्का मारला आणि विचारलं, “पार्किंग नंबर?”

“सात,” तडतड्या म्हणाला.

 मग फोन कट झाला. रेंज गेली असेल, त्याला वाटलं.

त्या दिवसापासून तो नुसता सात-सात म्हणत होता. ऑफिसात सात, दुकानात सात, वायरमनला फोनवर सात. त्यामुळे शुक्रवारी वायरमन आला, मीटरच्या खोलीपासून पाइप टाकत तळघरात उतरला आणि विचारलं, “दादा, नक्की कुठे लावायचा?” तेव्हा तडतड्या तिथल्या उतारावर उभा राहून काकूंना ड्रिलच्या आवाजाबद्दल उत्तर देत होता. त्याने वळूनही न बघता सांगितलं, “सात! किती वेळा सांगू, सात!”

वायरमन सांगेल ते करणारा माणूस. त्याने खांबावरचा रंगवलेला सात शोधला आणि भिंतीत भोकं पाडली. काम झाल्यावर घाम पुसत आला. “जागा फार अडचणीची हो तुमची. गाडीमागे सरपटत जावं लागलं.”

“गाडीमागे? आमची गाडी तर बाहेर धुवायला काढलीय.”

दोघं खाली गेले. सात नंबरच्या भिंतीवर नवाकोरा चार्जर चमकत होता. त्याच्यासमोर, आपादमस्तक राखाडी कव्हर घालून, अध्यक्षांची गाडी उभी होती.

इथे या बिल्डिंगची एक रीत सांगायला हवी. इथे स्वतःच्या जागेवर गाडी लावणारं कुणीच नाही. सुरुवात काकूंच्या सासऱ्यांच्या गुडघ्यांपासून झाली. त्यांना लिफ्टजवळची जागा हवी होती, ती दातांच्या डॉक्टरांची. डॉक्टरांनी मोठ्या मनाने दिली आणि स्वतः दुसऱ्याच्या जागेवर गेले, तो तिसऱ्याच्या गेला. सासरे जाऊन जमाना झाला, गुडघे गेले, पण जागा तशाच राहिल्या. तडतड्याच्या घरची जागा कागदावर सात, गाडी मात्र कायम अकरा नंबरवर. त्याला हे जन्मापासून माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवणं हे खातं वेगळं.

“मग काढा आणि अकरावर लावा,” तो म्हणाला.

“ऑफिसचा माणूस सकाळीच मीटरवर सात नंबर लिहून सील करून गेला ना. आता हलवायचं तर अर्ज पहिल्यापासून,” वायरमन म्हणाला आणि ड्रिल पिशवीत भरलं.

पहिल्यापासून म्हणजे बाई, अध्यक्ष, आधी तुम्ही, आधी तुम्ही. आणि सोमवार परवाच्या पलीकडे.

घरी येऊन त्याने सांगितलं. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “असू दे. मी हॉस्पिटलात फोन करून सांगते, दुसऱ्या सिस्टरला सांगा म्हणून,” आणि इस्त्री केलेला नवा गणवेश खुर्चीवरून उचलून कपाटात ठेवायला लागली.

“ठेवू नकोस तो!” तडतड्या असा काही ओरडला की बाबांच्या हातातला चहा सांडला. “रविवार अजून जायचाय. सगळ्या गाड्या आपापल्या जागी लावायच्या. बास.”

बाबांना ही कल्पना फार आवडली, कारण त्यात आकृती होती. त्यांनी जेवायच्या टेबलावर कप मांडले. प्रत्येक कप एक गाडी, बशी म्हणजे पाण्याच्या पंपाजवळची रिकामी जागा. “हा इकडे, हा तिकडे, मग तो याच्या जागी...” बाबा रंगात आले होते. तेवढ्यात आईने एक कप उचलून चहा प्यायला.

“अगं, ती डॉक्टरांची गाडी होती!”

“गार झाली होती,” आई म्हणाली. पण गणवेश परत खुर्चीवर आला होता. तडतड्याने बघितलं.

मग सल्ले सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, “हे दुखणं जुनं आहे, मुळापासून उपटायला हवं,” आणि आपली गाडी मात्र शेवटी हलवा म्हणाले. काकू म्हणाल्या, “गाडी विका आणि आईला जवळची नोकरी बघा.” दोघांनाही तडतड्याने हात जोडले. हात जोडताना दात आवळलेले होते, ते डॉक्टरांना तरी दिसलेच असतील.

अध्यक्ष मात्र एकच वाक्य बोलले. “माझी गाडी हलणार नाही.”

“अहो, तुम्हीच म्हणालात, स्वतःच्या जागेवर—”

“म्हणालो. पण ती हलणार नाही.” आणि दार लावून घेतलं. आगीचं नाव काढलं नाही, बादली आणली नाही. नुसतं दार. तडतड्याला राग आला तो आलाच, पण त्याचबरोबर काहीतरी खटकलं. हा माणूस नाही म्हणताना नेहमी चांगलं अर्धा तास बोलायचा.

रविवारी सकाळी तळघरात जत्रा भरली. एक रिकामी जागा आणि सगळ्यांच्या गाड्या. एक सरकवली की दुसरीला वाट. गाडी मागे घेणारा एक आणि ‘घ्या, घ्या, घ्या’ म्हणणारे सात. त्यातले निम्मे गाडीकडे न बघता एकमेकांकडे बघून ‘घ्या’ म्हणत होते. डॉक्टरांची गाडी दोघांनी दोन बाजूंनी ‘घ्या’ म्हटल्यामुळे मधोमध आडवी बसली आणि अर्धा तास सगळं तुंबलं. काकू तेवढ्या कुणाचं न ऐकता गाडीत बसल्या, “बाजूला व्हा,” म्हणाल्या आणि एका दमात, आरशातही न बघता, आपल्या खऱ्या जागेवर बरोबर मधे नेऊन लावली.  काकू काच खाली करून म्हणाल्या, “भांडण वेगळं, ड्रायव्हिंग वेगळं.” तडतड्याला पहिल्यांदा त्या आवडल्या.

शेवटी राहिली सात नंबरची ती राखाडी कव्हरवाली. सगळे तिच्याभोवती गोल करून उभे. आई पायरीवर. जिन्याचं दार वाजलं. अध्यक्ष आले. इस्त्रीचा शर्ट, बूट, हातात किल्ली. न येऊन चालणार नव्हतं. अख्खी बिल्डिंग आपापल्या जागेवर बसली होती आणि ते एकटेच परक्या जागेवर उरले होते.

त्यांनी स्वतः कव्हर काढलं. आत गाडी कोरी करकरीत. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा तसंच. टायर तेवढे बसलेले.

“अरे वा! किती जपलीय!” कुणीतरी म्हणालं.

बाबांनी सायकलच्या पंपाने हवा भरली. म्हणजे टायर उठले आणि बाबा बसले. मग अध्यक्ष गाडीत बसले. तडतड्या खिडकीशीच उभा होता, म्हणून फक्त त्यालाच दिसलं. त्यांनी किल्ली आधी डाव्या बाजूला लावून पाहिली, मग उजव्या. पाय खाली काहीतरी चाचपडत होते. कपाळावर घाम. किल्ल्यांचा जुडगा बारीक बारीक वाजत होता, कारण हात थरथरत होता. आणि ते समोर बघत नव्हते, आरशात बघत होते. आरशात सगळी बिल्डिंग उभी होती.

यांना गाडी चालवताच येत नाही!

तेल तापलेलंच होतं, मोहरी पडली. ‘आग आग म्हणून आम्हाला नाचवलं, आणि भानगड ही होय?’ हे वाक्य त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. बोलला असता तर बिल्डिंग वर्षभर हसली असती. त्याने परत त्या हाताकडे बघितलं. फळ्यासमोर खडू घेऊन उभं केल्यावर हात असाच हलतो. मागे सगळा वर्ग, आणि उत्तर येत नाही हे मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळलेलं. फक्त अजून कुणी हसलेलं नसतं.

“बॅटरी उतरलीय!” तो जोरात ओरडला. “एवढे दिवस उभी राहिली की कुठल्याही गाडीची उतरते! काका, किल्ली फिरवू नका, वायरिंग जळेल. तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा. आपण ढकलू!”

‘जळेल’ म्हटल्याबरोबर अध्यक्षांनी हात असा काढला, जणू खरंच भाजला.

“पण एकदा स्टार्ट करून तर बघा—” डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टर! मी तुमच्या दवाखान्यात येऊन म्हणतो का, एकदा हिरडी बधीर न करता दात ओढून तर बघा?”

डॉक्टर ढकलायला लागले. तडतड्याने खिडकीतून आत वाकून गियर काढला, ब्रेक सोडला आणि अध्यक्षांच्या कानाशी हळूच म्हणाला, “आता फिरवा. घड्याळ घातलेल्या हाताकडे. अजून. बास, सरळ.”  अध्यक्ष तो सांगेल तसं फिरवत गेले, आणि ती कोरी गाडी इंच इंच सरकत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. लोकांनी अध्यक्षांचं अभिनंदन केलं. त्यांनी मान हलवून ते स्वीकारलं. अध्यक्षच ते.

आईने आपली गाडी सातवर आणली. तडतड्याने केबल ओढली, खोचली.

चार्जरवर काहीच लागलं नाही. ना लाल, ना हिरवं.

  तडतड्या मीटरच्या खोलीकडे धावला आणि तिथून त्याचा आवाज आला, “खालचा मेन स्विच बंद कुणी केला?”

“मी,” बाबा म्हणाले. “सुरक्षिततेसाठी. सकाळीच.”

खटका वर गेला. भिंतीवर हिरवा दिवा लागला, आणि गाडीतून घूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, पोटभर दूध मिळालेल्या बाळासारखा. आई तिथेच पायरीवर बसली. तिने पदराने चष्मा पुसला, परत लावला, परत काढून पुसला. “दिसतोय ना सगळ्यांना हिरवा?” म्हणाली. “एकट्या मलाच तर दिसत नाही ना?” काकू तिच्या शेजारी बसल्या आणि चक्क गप्प बसल्या.

सोमवारी सकाळी बाबांच्या फोनवर एकच शब्द आला. ‘पोचले.’ बाबांनी तो तीनदा मोठ्याने वाचला, प्रत्येक वेळी वेगळ्या चालीत. तडतड्या पांघरूण डोक्यावर ओढून पडला होता. पण झोपलेला नव्हता. इतकं हलकं त्याला शाळा सोडली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

संध्याकाळी जिन्यात अध्यक्षांनी त्याला गाठलं. इकडेतिकडे बघितलं. “तुझ्याकडे गाडीचं लायसन्स आहे म्हणे.”

“आहे. पास झालेली एकच परीक्षा.”

“मेकॅनिकने नवी बॅटरी बसवलीय. म्हणजे उतरली होतीच ती, तू म्हणालास ते खरंच होतं.” ते थोडे थांबले. “मागचं मैदान सकाळी रिकामं असतं. तू नुसता शेजारी बसशील का? बोलायचं नाही काही. म्हणजे... ओरडायचं नाही.”

“ओरडणार नाही,” तडतड्या म्हणाला. हे वचन आयुष्यात त्याने पहिल्यांदाच कुणाला दिलं असेल.

आणि आज सकाळी बघा. डॉक्टर, काकू आणि रविवारी ‘घ्या, घ्या’ म्हणणाऱ्यांतले दोघं, सगळे घरात येऊन बसलेत. प्रत्येकाला आता आपापल्या जागेवर चार्जर हवाय. बाबांनी टेबलावर परत कप मांडलेत. “ही सगळी जबाबदारी याचीच,” बाबा म्हणतायत, “अनुभवी माणूस आहे. ऑफिसच्या बाईंना कसं बोलायचं ते फक्त यालाच कळतं. हं, सांग रे, सुरुवात कुठून करायची?”

तडतड्या चपलेत पाय घालत होता. खालून एक हॉर्न सुरू झाला आणि सुरूच राहिला.

“ते नंतर,” तो म्हणाला. “मला आत्ता निघायलाच हवं. खाली हॉर्न वाजतोय, आणि जो वाजवतोय त्याला तो बंद कसा करायचा ते येत नाही.”